पेटीत कल्पना आल्या, उत्तर कोणी दिलं?

नमस्कार सर,

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. आम्ही शेतीपंपांचे स्टार्टर (पंप चालू-बंद करणारी पेटी) आणि पॅनेल बनवतो, काही वर्षांपासून मोबाइल स्टार्टरही, म्हणजे फोनवरून पंप चालू करणारे. सगळे मिळून सत्तरेक जण आहोत. कंपनी मोठ्या सरांनी उभी केली, आता त्यांचा मुलगा कारभार बघतो. आम्ही त्यांना छोटे सर म्हणतो. एमबीए करून आल्यापासून ‘आपल्याकडे इनोव्हेशन होत नाही’ हे त्यांच्या मनाने घेतलंय. गेल्या वर्षी लोणावळ्याला दोन दिवसांचं शिबिर झालं, मग ऑफिसात हॅकेथॉन, मग कँटीनबाहेर आयडिया बॉक्स. १४० कल्पना आल्या. त्यांची एक्सेल शीट माझ्याकडे आहे. त्यातली एकही बाजारात गेली नाही. आता पेटीत चिठ्ठ्याही पडत नाहीत. मागच्या महिन्यात एकच निघाली, तिच्यावर ‘चहात साखर कमी करा’ असं लिहिलं होतं.

मीटिंगमध्ये छोटे सर ‘बोला, नवीन काय?’ म्हणतात आणि सगळे आपापल्या वहीत बघतात. आमचे डिझाइनचे प्रमुख खूप जुने आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते प्रत्येक गोष्टीला ‘हे आपण करून पाहिलंय’ म्हणतात. माझी टीम चौघांची, त्यांचा निम्मा दिवस फील्डच्या तक्रारी निस्तरण्यात जातो. दिवाळीपर्यंत ‘इनोव्हेशन कल्चर’ उभं करायची जबाबदारी माझ्यावर आहे. पुन्हा हॅकेथॉन घ्यायचा आणि पहिल्याला ५१ हजारांचं बक्षीस ठेवायचं, असं घाटतंय. बालेवाडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर हातात आहे. जाऊ का? आणि राहिले तर नेमकं करू काय?

– एक वाचक, भोसरी

नमस्कार,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही गमतीत लिहून टाकली आहे. साखरेची चिठ्ठी. ती टाकणाऱ्याला चहाची फिकीर असेल किंवा नसेल, पण ही पेटी कोणी उघडतं का, उघडलीच तर वाचतं का, हे त्याने तपासून पाहिलंय. पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा काहीच झालं नसावं. आज कँटीनवाल्याशी बोला आणि फळ्यावर लिहा: ‘साखर कमी केली आहे. ज्यांना जास्त लागते त्यांच्यासाठी बरणी बाजूला ठेवली आहे.’ मी थट्टा करत नाहीये. तुमच्या पत्रावरून तरी त्या पेटीला मिळणारं हे पहिलंच उत्तर दिसतंय.

सत्तर माणसांच्या कंपनीत १४० कल्पना आल्या, म्हणजे माणशी दोन. हा दुष्काळ म्हणायचा का? लोकांनी डोकं चालवलं, लिहून दिलं, लोणावळ्याला जाऊन कागदाचे बोळे आणि रंगीत चिठ्ठ्यांचे खेळही खेळले. त्यानंतर ते सगळं एका शीटमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. मीटिंगमध्ये सगळे वहीत बघतात त्याला मी तरी शहाणपणाच म्हणेन. एकदा बोलून काही झालं नाही, तर दुसऱ्यांदा कोण कशाला तोंड उघडेल? छोट्या सरांना वाटतंय माणसं नवा विचार करत नाहीत. माझ्या मते माणसांनी आपलं काम केलं, ठरवणाऱ्यांनी केलं नाही. तुमचं सगळं कोडं इथे आहे: तुमच्या कंपनीत नव्या गोष्टीला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं काम कोणाचं आहे, हे कोणालाच माहीत नाही.

सूचनापेटीचा विषय निघाला की टोयोटाचं नाव निघतंच, पण त्यातला कामाचा भाग सहसा गळतो. टोयोटाचे एजी तोयोदा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना बघायला गेले. कामगारांकडून सूचना घ्यायची तिथली पद्धत त्यांना भावली, आणि १९५१ मध्ये टोयोटात तशी योजना सुरू झाली. ती इतकी वर्षं टिकली याचं कारण बक्षीस नव्हे, रक्कम तर किरकोळच असते. सूचना बहुतेक वेळा छोटी असते, हत्याराची जागा बदला, ट्रे दोन इंच वर घ्या अशी. तिचा निकाल त्याच विभागातला वरिष्ठ लावतो, आणि तोही लवकर. चिठ्ठी वरपर्यंत जाऊन समितीत फिरत बसत नाही.

म्हणून दिवाळीचा विचार बाजूला ठेवून आधी ती एक्सेल शीट उघडा. माझा अंदाज सांगतो, चुकला तर कळवा. १४० पैकी बऱ्याच शॉपफ्लोअरच्या रोजच्या कामाबद्दल असतील: फिक्स्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी चौकट), वायर कटिंगची लांबी, टेस्टिंग बेंचवर लागणारी रांग. काही कल्पनेच्या वेषातल्या तक्रारी असतील. बऱ्याच ‘अ‍ॅप बनवा’ छापाच्या असतील, त्यात लेखकाचा दोष नाही, हॅकेथॉनच्या पोस्टरवर मोबाइलचंच चित्र असणार. आणि नव्या उत्पादनाच्या म्हणाव्यात अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या ढिगातल्या सुपरवायझरच्या हवाली करा आणि त्याला सांगा, परवानगी विचारायला येऊ नकोस. शेवटच्या ढिगातल्या दोन किंवा तीनच घ्या. उरलेल्या प्रत्येकाला समोरासमोर ‘नाही’ सांगा, कारणासकट. ‘तुमची कल्पना चांगली आहे, पण त्याला लागणारी डाय आपल्याला या वर्षी परवडत नाही’ हे ऐकून माणूस हिरमुसतो, पण पुढच्या वेळी बोलतो. काहीच उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा बोलत नाही. यात तुमचे पंधरा-वीस दिवस जातील आणि दाखवायला एक स्लाइडसुद्धा तयार होणार नाही. जाऊ द्यात.

आता पैशाचं बोलू. तुमच्या टीममधल्या पोराला एखादी शक्कल करून बघायची असेल तर त्याला एक रिले, एक सर्किट बोर्ड, फार तर एखादं सिम मॉड्यूल लागतं. हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तासाभरात मिळतं. पण तुमच्याकडे त्यासाठी पर्चेस रिक्विझिशन, तीन कोटेशन, अकाउंट्सची सही आणि छोटे सर गावात असतील तर त्यांची सही, असा प्रवास असणार. तोवर त्या पोराचा उत्साह संपतो, किंवा तो स्वतःच्या खिशातून आणतो आणि कोणाला सांगत नाही. म्हणून छोट्या सरांकडून ‘इनोव्हेशन बजेट’ वगैरे मागू नका, ते शब्द ऐकले की ते सल्लागार नेमतील. महिन्याची एक ठरावीक रक्कम मागा, जी कोणालाही न विचारता खर्च करता येईल आणि महिनाअखेरीस बिलांसकट हिशेब दाखवता येईल. आकडा किती, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. एवढा असू द्या की बुडाला तरी मोठ्या सरांच्या कपाळाला आठी पडू नये.

आणि वेळ. चौघांचा निम्मा दिवस तक्रारींत जातो म्हणता, मग नवीन काम रात्री करायचं का? चौघांपैकी एकाला, आलटून पालटून, तक्रारींतून पूर्ण मोकळं करा. प्रत्येकाचा ‘शुक्रवार दुपार’ वगैरे मोकळा ठेवायची फॅशन आहे. शुक्रवारी दुपारी फील्डवरून फोन येणारच, आणि तो फोनच जिंकणार. छोटे सर इथे थ्रीएम कंपनीचं उदाहरण देतील, कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा आणि त्यातून निघालेल्या चिकट चिठ्ठ्या. खरं आहे ते. पण त्या चिठ्ठ्यांमागचा कमजोर गोंद थ्रीएमचे शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती लागला १९६८ मध्ये, आणि चिठ्ठ्या अमेरिकेभर विकायला आल्या १९८० मध्ये. मधली बारा वर्षं शिबिरातल्या स्लाइडवर येत नाहीत. आपल्याकडचं बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. छोट्या सरांना दिवाळी हवी आहे.

पण मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते शेताबद्दल. पत्रात लोणावळा आहे, ऑफिस आहे, कँटीन आहे. शेतकरी एकदाही आलेला नाही.

पुण्याच्याच दोन गाड्यांची गोष्ट बघा. टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, २००५ मध्ये बाजारात आला. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते गिरीश वाघ. त्यांची माणसं तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांशी जाऊन बोलली. गाडीने किती वजन न्यावं, किती कमी खर्चात चालावी हे तर कळलंच. पण एका तरुण चालकाने सांगितलेलं त्यापलीकडचं होतं: चारचाकी असती तर गावात लग्नासाठी चांगलं स्थळ आलं असतं. मालवाहू गाडीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हा मुद्दा कुठल्या रकान्यात बसवणार? पण तो बसवला गेला. तीनचाकीला साजेसं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन, आणि तरी चार चाकं, बंद केबिन, ट्रकसारखा चेहरा. पुढे काय झालं ते मार्केट यार्डाच्या फाटकाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं.

त्याच वाघांनी पुढे नॅनोचं काम पाहिलं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती जगासमोर आली तेव्हा लाखाची गाडी म्हणून सगळीकडे गाजली. अभियांत्रिकी म्हणून ती अव्वलच होती, तीत कुठेही आळस नव्हता. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना ती सुचली, तो हेतूही सच्चा. तरी २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. कारणं पुष्कळ होती: सिंगूरहून कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ म्हणून ती ओळखली गेली ही चूक झाली, असं खुद्द रतन टाटांनीच पुढे सांगितलं. एसमध्ये ग्राहकाला मान मिळाला. नॅनोत पैसे मोजून ‘स्वस्तातला’ हा शिक्का मिळत होता. शहर तेच, कंपनी तीच, प्रमुखही तोच. कॉलेजांत या दोन गाड्या वेगवेगळ्या तासांना शिकवतात, त्या एकत्र शिकवायला हव्यात असं मला नेहमी वाटतं.

तुमच्या मोबाइल स्टार्टरलाच हे लावून बघा. तुमच्या माहितीपत्रकात काय छापलंय? ‘वेळेची बचत, घरबसल्या पंप चालू’ असंच काहीतरी असणार. आता जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात जा. थ्री फेज लाइटची पाळी रात्रीची असली की विहिरीवर कोणी जायचं यावरून घरात वाद होतात, कारण उसात बिबट्या असतो. तिथे तुमचा स्टार्टर वेळ वाचवत नाही, जीव वाचवतो. आणि मग प्रश्न वेगळे पडतात. पंप चालू झाल्याचा मेसेज आला, पण पाणी खरंच आलं का, हे कसं कळणार? ते बघायला अंधारात जावंच लागत असेल तर तुमच्या यंत्राने केलं काय? हा प्रश्न तुमच्या १४० मध्ये आहे का? असला तर तो फील्डवर जाणाऱ्या सर्व्हिसच्या पोराचा असणार, आणि शीटमध्ये तळाशी असणार.

आणखी एक उदाहरण देतो. ते करा असा सल्ला नाही, तिथे उभं राहिल्यावर काय काय दिसतं ते कळावं म्हणून. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की स्टार्टरचे ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कारण लाइट आली की एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी जळते. मग नवी येईपर्यंत सगळ्यांचंच पीक वाळतं. शेतकऱ्याला हे माहीत नाही असं समजू नका. पण आपण एकट्याने थांबायचं आणि शेजाऱ्याने पाणी ओढायचं, हे कोणाला पटेल? स्टार्टरमध्ये उशिरा सुरू होण्याचा टायमर देता येतो, तो जुनाच प्रकार आहे, पण लोक तो शून्यावर आणून ठेवतात. म्हणजे तुमचा ग्राहक एकटा शेतकरी नसून अख्खी डीपी असू शकते. दहा-बारा जणांना एकदम विकायचा, पंप एकामागून एक आपोआप सुरू करणारा संच. चालेल की नाही, देव जाणे. पण असा विचार लोणावळ्याच्या हॉटेलात सुचत नाही, डीपीखाली उभं राहून चार जणांचं भांडण ऐकल्यावर सुचतो.

शेतात गेलात की प्रश्नावली काढू नका. ‘तुम्हाला आणखी काय फीचर हवं?’ विचारलं की माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो, आणि स्वस्त करा म्हणतो. त्याऐवजी स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडायला सांगा आणि गप्प उभ्या राहा. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, काडी अडकवलेली दिसेल. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बायपास करून ठेवलेला दिसेल. मोटर दोन फेजवर चालावी म्हणून जोडलेले कॅपॅसिटर दिसतील. कुंभारमाशीचं घर, पाल, मुंग्या असतील. या प्रत्येकाला तुमच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये ‘कस्टमर मिसयूज’ असं एकच नाव असेल. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या एरिक फॉन हिपेल यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय उपकरणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की महत्त्वाच्या बहुतेक सुधारणा कंपन्यांनी नव्हे, ती उपकरणं वापरणाऱ्यांनी आधी करून ठेवल्या होत्या. त्या अडकवलेल्या काडीकडे तसं बघा. काढून टाकायला सांगू नका लगेच, आधी ती का घातली ते विचारा. मोटर जळण्याचा धोका पत्करून एखादा ती काडी घालतो, म्हणजे त्याची गरज तुमच्या वॉरंटीपेक्षा मोठी आहे. टीममधला जो मोकळा केलाय तो, सर्व्हिसचा एक आणि शक्य झालं तर अकाउंट्समधला एक, असे जा. अकाउंट्सचा का, हे परत येताना कळेल.

काकांचं आता. ‘हे आपण करून पाहिलंय’ हे वाक्य तुम्हाला अडथळा वाटतंय. मला त्यात कंपनीचं दफ्तर दिसतंय, जे दुसरं कोणीच लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याबरोबर एक अख्खा दिवस बसा, त्यांच्या टेबलाशी, छोटे सर नसताना. काय करून पाहिलं, कुठल्या साली, आणि ते मेलं कशामुळे, एवढंच विचारा. दहातली पाच कारणं आजही खरी असतील, आणि तुमचे सहा महिने वाचतील. पण बाकीची कारणं बदललेली असतील. तेव्हा मॉड्यूल महाग होतं, आज नसेल. तेव्हा गावात रेंज नव्हती, आज आहे. उलटही झालं असेल: टूजीवर चालणारं मॉड्यूल तेव्हा सगळीकडे चालायचं, आज जिओचं सिम टाकलं तर चालणार नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. ही यादी काकांच्या नावानेच मांडा. ज्या माणसाला इतकी वर्षं कोणी ‘का बंद पडलं?’ असं विचारलं नाही, तो ‘करून पाहिलंय’ एवढ्यावर थांबतो. विचारलंत तर बोलायचा थांबणार नाही, चहाची सोय करून बसा. साखर कमी.

मीटिंगबद्दल थोडक्यात. छोटे सर पहिल्यांदा बोलतात, ते शेवटी बोलोत. हे त्यांना तोंडावर सांगणं अवघड वाटत असेल तर एक रीत आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये एका लेखात ती ‘प्रीमॉर्टेम’ या नावाने मांडली. नवं काम हाती घ्यायच्या आधीच असं धरायचं की वर्ष उलटलंय आणि हे उत्पादन पार फसलंय. मग प्रत्येकाने पाच मिनिटांत कागदावर लिहायचं, का फसलं. नंतर एकेक वाचायचं, सरांचा कागद सगळ्यांत शेवटी. ‘साहेब, तुमची कल्पना चालणार नाही’ म्हणायला आपल्याकडे जीभ रेटत नाही, पण मेलेल्या उत्पादनाबद्दल प्रत्येकाला मत असतं.

एक विषय मात्र त्या कागदांवर कोणी लिहिणार नाही, म्हणून तुम्हीच काढा. सौर. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, राज्यात मागेल त्याला सौर कृषी पंप देणं चालू आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून शेतीचे फीडर (गावांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) सौर विजेवर आणायचं काम चालू आहे. यात दोन वेगळे प्रवाह आहेत आणि ते तुमच्या कंपनीला उलट्या दिशांना नेतात. फीडर सौर झाला तर लाइट दिवसा येते, पंप मात्र तोच राहतो आणि त्याला स्टार्टर लागतोच. पण मग रात्रीच्या बिबट्याची भीती ओसरते, म्हणजे मोबाइल स्टार्टर विकायचं तुमचं सगळ्यात जोरदार कारण लंगडं पडतं. आणि शेतकऱ्याने स्वतंत्र सौर पंपच घेतला, तर तो आपला कंट्रोलर घेऊन येतो, तुमच्या स्टार्टरची त्याला गरजच उरत नाही. तुमच्या विक्रीच्या तालुक्यांत यातला कुठला प्रवाह जोरात आहे? डीलरला विचारा, दोन आठवड्यांत अंदाज येईल. कुठल्या दोन-तीन कल्पना हाती घ्यायच्या हे यावरून ठरायला हवं. १४० मधली सगळ्यात चमकदार कल्पना उद्या न विकल्या जाणाऱ्या पेटीवर खर्च करण्यात काय हशील? हे बोलताना मोठ्या सरांनाही बोलवा. ज्यांनी शून्यातून उभं केलंय त्यांना धंदा संपण्याची भाषा लवकर कळते, निदान माझं निरीक्षण तसं आहे.

दिवाळीची मुदत. छोट्या सरांना सांगा की पावसाळ्यात शेतीपंप फारसा चालत नाही, त्यामुळे दिवाळीला काहीही तयार झालं तरी ते फक्त तुमच्या टेस्ट बेंचवर चाललेलं असेल. खरी परीक्षा रब्बीत, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं तेव्हा. म्हणून दिवाळीचं वचन वेगळं द्या: दोन किंवा तीन सॅम्पल शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसलेली असतील, आणि प्रत्येकासमोर लिहिलेलं असेल की मेअखेर काय दिसलं नाही तर हे काम बंद. बंद करायची तारीख आधी लिहिली नाही तर कुठलंच काम बंद होत नाही. माणूस अडकून राहतो, आणि तिसरी कल्पना रांगेत म्हातारी होते. बंद झालं तर ज्याने केलं त्याचं काय, हेही आताच ठरवा. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा स्पर्धेत फसलेल्या धाडसी प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा वेगळा गट आहे. तुम्हाला ट्रॉफीची गरज नाही. अप्रेझलमध्ये त्या माणसाच्या नावापुढे लाल शेरा पडणार नाही, एवढी छोट्या सरांची लेखी हमी पुरे.

हॅकेथॉन रद्द करा. ५१ हजारांचं बक्षीस तर नकोच. एकाला ५१ हजार म्हणजे बाकी सगळ्यांना शून्य. पुढच्या वेळी माणसं कल्पना लपवतील, किंवा ज्याने फिक्स्चर सुचवलं आणि ज्याने बनवलं ते दोघे एकमेकांशी बोलणं सोडतील. त्याच पैशात तपकीर गल्लीचा कित्येक महिन्यांचा खर्च निघेल. रोख द्यायचीच असेल तर जी सूचना अमलात आली तिला थोडीशी, सगळ्यांना सारखी, लगेच. खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर सगळे पेढे खात उभे असतातच. तेव्हा १४० चा हिशेब वाचून दाखवा: इतक्या केल्या, इतक्यांना नाही म्हटलं, इतक्या चालू आहेत. छोट्या सरांना भाषण करायचं असेल तर ते त्यानंतर.

आता ऑफर. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. छोट्या सरांकडे तीनच गोष्टी मागायला जा: न विचारता खर्चायची रक्कम, चौघांतला एक मोकळा माणूस, आणि कुठली कल्पना घ्यायची ते ठरवायचा अधिकार, वर्षभरासाठी. तुमच्या पत्रावरून ते वाईट गृहस्थ वाटत नाहीत. धंद्यात काहीतरी नवं व्हावं ही त्यांची तळमळ खरी आहे, फक्त ती शिबिरांवर खर्च होतेय. तिन्ही मिळाल्या तर राहा, असं काम सॉफ्टवेअरमध्ये चटकन मिळत नाही. रक्कम आणि माणूस मिळाला, पण अधिकार ‘बघू’वर ठेवला, तर सहा महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

बालेवाडीवाल्यांनाही दोन प्रश्न विचारून घ्या. गेल्या वर्षात तुम्ही कोणतं फीचर बंद केलंत, आणि ते बंद करायचं कोणी ठरवलं? टीममधल्या कोणाला ग्राहकाकडे जाऊन दोन दिवस बसायचं असेल तर कोणाची परवानगी लागते? उत्तर देताना ते एकमेकांकडे बघू लागले, तर त्यांच्याकडेही भोसरीच आहे, फक्त एसी चांगला. आणि छोट्या सरांशी बोलायच्या आधी ऑफर लेटरची मुदत आठवडाभर वाढवून मागा. विचारलं तर सहसा देतात.